कायमचा पाहुणा : टाइमशेअर, विश्रामस्थळ आणि कादंबरीतील निवासाचा प्रश्न

मालमत्तेची वाटणी म्हटली की मराठी मनासमोर प्रथम येतो तो बांध. शेताचे तुकडे पडतात, वाड्यात नवी भिंत उभी राहते, एका चुलीच्या दोन चुली होतात. वाटणी होते ती जागेची. काळाची वाटणी आपल्याकडे अगदीच अपरिचित होती असे मात्र नाही. पाटाच्या पाण्याची पाळी आणि देवस्थानातील पूजेची पाळी ही काळाची वाटणीच होय. पूजेच्या पाळीला तर भारतीय न्यायालयांनी वारसाहक्काने मिळणारी मालमत्ता म्हणून मान्यताही दिली आहे. परंतु ज्याची पाळी असे तो त्याच गावचा असे. पाळी संपली तरी गाव सुटत नसे. १९६० च्या दशकात युरोपात सुट्टीच्या घरांची जी नवी व्यवस्था उदयास आली तिने नेमका हाच धागा तोडला. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली स्थापन झालेली ‘हापिमाग’ ही संस्था आणि १९६७ च्या सुमारास फ्रेंच आल्प्समधील स्युपरदेव्होल्यू येथे झालेला प्रयोग हे या व्यवस्थेचे आरंभबिंदू मानले जातात. पुढे अमेरिकेत तिला ‘टाइमशेअर’ हे नाव मिळाले आणि तिने रीतसर खरेदीखताचे रूप धारण केले. एका सदनिकेचे बावन्न हिस्से, प्रत्येक हिस्सा एका आठवड्याचा, आणि प्रत्येक आठवड्याला क्रमांक. विकत घेणारा खोलीचा मालक नसतो. तो खोलीच्या, समजा, सदतिसाव्या आठवड्याचा मालक असतो.

या रचनेचे साहित्याभ्यासकाला काय महत्त्व, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उद्भवतो. त्याचे उत्तर या व्यवस्थेने गृहीत न धरलेल्या एका व्यक्तीत दडलेले आहे. ती व्यक्ती म्हणजे रिसॉर्टमध्ये वर्षभर राहणारा माणूस. अनेक आठवडे विकत घेऊन, किंवा १९७४ साली स्थापन झालेल्या आरसीआयसारख्या अदलाबदल संस्थांमार्फत आपल्या आठवड्याच्या बदल्यात दुसऱ्याचा आठवडा मिळवून, आठवड्याला आठवडा जोडत वर्षाचा मोठा भाग अशा संकुलांत काढणारे लोक आहेत. त्यांत निवृत्तांचा भरणा असणे समजण्यासारखे आहे. सुट्टीचे आठवडे मागणीनुसार रंगांत विभागलेले असतात. भारतातील १९९६ साली सुरू झालेल्या एका मोठ्या कंपनीच्या पंचवीस वर्षांच्या सदस्यत्वातही वर्षाचे सात दिवस जांभळा, लाल, पांढरा व निळा अशा चार रंगांच्या हंगामांतून निवडले जातात. ज्याला मुलांच्या शाळेची सुट्टी सांभाळायची नाही त्याला पडत्या हंगामातील स्वस्त आठवडे सहज परवडतात. पावसाळ्याचे, कडाक्याच्या थंडीचे, इतरांनी नाकारलेले आठवडे शिवून त्याचे वर्ष तयार होते. गोधडीच ती, पण तुकडे कोणत्या लुगड्याचे हे कोणालाच ठाऊक नसलेली.

मात्र घर व मुक्काम यांतील भेद अशा जुळवाजुळवीने मिटत नाही. आठवडा संपला की ठरलेल्या दिवशी सकाळी खोली रिकामी करावी लागते. चादरी बदलतात, कपबश्या यादीबरहुकूम मोजल्या जातात, आणि पुढच्या माणसासाठी खोली पुन्हा ‘कोणाचीही’ केली जाते. तोच माणूस पुढच्या आठवड्यातही राहणार असला तरी त्याला बहुधा शेजारच्या इमारतीतील दुसरी खोली मिळते. भिंतीला खिळा ठोकता येत नाही, कुंडी ठेवता येत नाही. कायद्याची नजरही अशा निवासाकडे संशयानेच पाहते. कॅलिफोर्नियात तीस दिवसांपर्यंतच्या मुक्कामावर ‘तात्पुरत्या वास्तव्या’चा कर लागतो, त्यापलीकडे मुक्कामाचे स्वरूपच पालटते. ब्रिटनमधील अनेक सुट्टीच्या वसाहतींत तेथील जागा हे मुख्य निवासस्थान असू नये अशी अट असते, आणि काही वसाहती तर वर्षातील काही आठवडे बंदच ठेवल्या जातात. दुसऱ्या बाजूने पाहिले तर अमेरिकेतील जुन्या खरेदीखतांनुसार वार्षिक देखभालीचा खर्च मालकाच्या पश्चात वारसांकडेही जाऊ शकतो. कायम राहता येत नाही आणि कायमचे सुटताही येत नाही, अशी ही विलक्षण मालकी आहे.

‘अतिथी’ या शब्दाची परंपरेने दिलेली एक व्युत्पत्ती येथे आठवावी. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. मनुस्मृतीने (३.१०२) त्यात राहण्याची मर्यादाही घातली आहे : एक रात्र राहणारा तो अतिथी, कारण त्याचे राहणे अनित्य असते. टाइमशेअरचा पाहुणा या दोन्ही अर्थांनी अतिथीच्या उलट टोकाला उभा आहे. त्याच्याजवळ केवळ तिथीच असते, यजमान नसतो. आणि जो वर्षभर राहतो त्याचे राहणे नित्य असूनही त्याला अनित्याच्याच नियमांखाली दिवस काढावे लागतात. या व्यक्तीसाठी ‘कायमचा पाहुणा’ हा शब्द योजणे सोयीचे ठरेल. ‘विस्थापित’, ‘निर्वासित’, ‘परागंदा’ हे समीक्षेत रुळलेले शब्द येथे अपुरे पडतात, कारण हा माणूस वरवर पाहता कोठूनही हाकलला गेलेला नसतो. तो सुट्टीवर असतो.

मिशेल फूको यांनी १९६७ साली वास्तुरचनाकारांसमोर दिलेल्या आणि १९८४ साली प्रकाशित झालेल्या व्याख्यानात ‘हेटरोटोपिया’ ही संकल्पना मांडली, हे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्या व्याख्यानातील एक तपशील मात्र क्वचितच चर्चिला जातो. काळ साठवून ठेवणारी स्थळे (संग्रहालय, ग्रंथालय) आणि काळ उधळून टाकणारी स्थळे (जत्रा) असा भेद केल्यावर फूको नव्याने निघालेल्या सुट्टीच्या गावांकडे वळतात. शहरवासीयांना तीन आठवड्यांचे आदिम जीवन विकणारी गावे, असे त्यांचे वर्णन ते करतात. ट्युनिशियातील जेर्बा बेटावरील झोपड्यांचे उदाहरण देऊन या ठिकाणी दोन्ही प्रकारचे काळ एकत्र येतात असे त्यांनी सुचविले आहे. तथापि या विवेचनात पाहुणा तीन आठवड्यांनी परत जातो हे गृहीतच आहे. तो परत गेला नाही तर काय होते, हे फूको विचारीत नाहीत. तो प्रश्न कादंबरीने त्यापूर्वी चाळीसहून अधिक वर्षे आधीच विचारला होता, आणि योगायोग असा की तेथेही अवधी तीन आठवड्यांचाच होता.

टोमास मान यांच्या ‘डेर त्साउबरबेर्ग’ (१९२४) या कादंबरीचा नायक हान्स कास्टोर्प डावोस येथील आरोग्यधामात आपल्या आजारी मावसभावाला भेटण्यासाठी तीन आठवड्यांकरिता येतो आणि सात वर्षे राहतो. मान स्वतः १९१२ साली पत्नी कात्या यांच्या आजारपणात डावोसला काही आठवडे राहिले होते, हा चरित्रात्मक संदर्भ सर्वश्रुत आहे. येथे अधिक महत्त्वाची आहे ती कादंबरीची कालरचना. पहिला दिवस आणि पहिले तीन आठवडे यांना विपुल पृष्ठे मिळतात. नंतरची वर्षे झपाट्याने सरतात. ‘वर’ राहणाऱ्यांचे काळाचे सर्वांत लहान परिमाण महिना हे असते, असे कास्टोर्पला आरंभीच ऐकविले जाते. अखेरीस त्याचे घड्याळ मोडते आणि ते दुरुस्त करण्याचीही त्याला गरज वाटत नाही. ज्या ३४ क्रमांकाच्या खोलीत तो उतरतो तिच्यात नुकतीच एक अमेरिकन स्त्री मृत्यू पावलेली असते. खोली धुरी देऊन निर्जंतुक केलेली असते. मागील माणसाची खूण पुसून टाकण्याची जी क्रिया टाइमशेअर संकुलात आठवड्याला घडते, ती येथे मृत्यूनंतर घडते. अंतर आहे ते एवढेच, आणि ते लहान नाही.

कारण आरोग्यधामात सगळेच दीर्घकाळ राहतात. माणसे तीच, जेवणाची मेजे तीच, वाद तेच. सेटेम्ब्रिनी आणि नाफ्ता यांचा अखंड वैचारिक संघर्ष शक्य होतो तो या सामूहिक स्थैर्यामुळेच. वैचारिक कादंबरीला प्रतिपक्ष लागतो, आणि प्रतिपक्षाला उद्याही तेथेच असावे लागते. टाइमशेअर संकुलातील कायमच्या पाहुण्याला हे सुख नाही. तो राहतो, पण त्याचे शेजारी दर आठवड्याला बदलतात. तेथे नाफ्ता शनिवारी सामान बांधून निघून जाईल. अशा जागेतून वैचारिक कादंबरी जन्माला येणार नाही. फार तर एका साक्षीदाराभोवती गुंफलेली कथामाला येईल.

असा साक्षीदार साहित्याने निर्माण केला आहे. व्हिकी बाउम यांच्या ‘मेन्शेन इम होटेल’ (१९२९) या कादंबरीत बर्लिनमधील एका आलिशान हॉटेलात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या जीवनकथा काही दिवसांपुरत्या एकमेकींत गुंततात. त्या सर्वांमध्ये डॉक्टर ओटर्नश्लाग हा एकच हॉटेलात दीर्घकाळ मुक्काम ठोकून आहे. महायुद्धात त्याचा अर्धा चेहरा उद्ध्वस्त झालेला आहे. आपल्यासाठी काही पत्र, काही निरोप आहे काय, अशी चौकशी तो पुन्हापुन्हा करतो. आलेले काहीच नसते. कथानक इतरांच्या वाट्याला येते, ओटर्नश्लागच्या वाट्याला फक्त दिवाणखाना येतो. या कादंबरीकडे लोकरंजक म्हणून दुर्लक्ष करण्याची जी प्रथा समीक्षेत पडली आहे ती न्याय्य नाही. जो कायम राहतो त्याला कथा नसते, हे सूत्र तिने मान यांच्यापेक्षा अधिक उघडपणे मांडले आहे.

इंग्रजीत हा विषय वार्धक्याकडे वळला. एलिझाबेथ टेलर यांच्या ‘मिसेस पाल्फ्री ॲट द क्लेअरमाँट’ (१९७१) या कादंबरीत लंडनमधील एका हॉटेलात काही वृद्ध मंडळी कायम राहतात; त्यांच्या अवतीभोवती प्रवासी येत-जात असतात. त्या लहानशा जगातील प्रतिष्ठा मोजली जाते ती भेटीला कोण येते यावरून. नातू येत नाही म्हणून मिसेस पाल्फ्री एका अनोळखी तरुण लेखकालाच नातू म्हणून खपवितात. प्रसंग विनोदी आहे, पण त्याच्या तळाशी असलेला नियम कठोर आहे. हॉटेलात राहता येते, तेथे मरता येत नाही. ज्या बाईंचा शरीरधर्मावरील ताबा सुटतो त्यांना हॉटेल सोडावे लागते, आणि मिसेस पाल्फ्री यांचा अंतही रुग्णालयात होतो. घराची व्याख्या करताना समीक्षक स्मृती, वारसा, भाषा इत्यादींचा उल्लेख करतात. टेलर यांची व्याख्या याहून साधी आणि निर्दय आहे : जेथे आजारी पडण्याची मुभा आहे ते घर. वर्षभराचे बावन्नही आठवडे विकत घेणाऱ्याला ही मुभा विकत मिळत नाही.

यानंतर अनिता ब्रुकनर यांच्या ‘होटेल द्यु लाक’ (१९८४) या कादंबरीतील एका गौण पात्राकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. स्विस सरोवरकाठच्या हॉटेलात हंगाम सरत असताना नायिका एडिथ होप येते. तेथे मादाम द बॉनय ही बहिरी, वृद्ध स्त्री राहते. ती सुट्टीसाठी आलेली नाही. सुनेला ती नको असल्यामुळे मुलाने तिला तेथे ठेवलेले आहे. या पात्राशेजारी अनिता देसाई यांच्या ‘फायर ऑन द माउंटन’ (१९७७) मधील नंदा कौल ठेवली की तुलनेला खरा अर्थ प्राप्त होतो. नंदा कौल कसौलीला ‘कॅरिग्नानो’ नावाच्या घरात एकटी राहते. आयुष्यभर पाहुण्यांची आणि मुलाबाळांची सरबराई केल्यावर आता आपल्याला काही नको, कोणी नको, असे ती स्वतःला सांगते. शेवटी उघड होते ते असे की हा एकांत तिने निवडलेलाच नव्हता. पतीने तिच्याशी प्रतारणा केली होती, आणि मुलांनी तिला तेथे आणून ठेवले होते. दोन्ही लेखिका एकमेकींपासून स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी पोहोचलेल्या दिसतात. निसर्गरम्य जागा, विश्रांतीची भाषा, आणि त्या भाषेआड झालेली हकालपट्टी. ‘आई हवापालटाला गेली आहे’ हे वाक्य भारतीय मध्यमवर्गातही किती सौम्यपणे उच्चारता येते याची कल्पना वाचकाला करता येईल.

भारतीय साहित्यात कायमचा पाहुणा हॉटेलात फारसा आढळत नाही, तो हंगामी गावात आढळतो. याला ऐतिहासिक कारण आहे. शिमल्याला १८६४ साली ब्रिटिश हिंदुस्थानची उन्हाळी राजधानी करण्यात आली तेव्हापासून थंड हवेच्या ठिकाणांचे जीवन ‘सीझन’ या एकाच शब्दाभोवती फिरू लागले. संपूर्ण गावच जणू टाइमशेअर. सीझन संपल्यावर जो मागे उरतो, त्याच्यावर लेखकाची दृष्टी खिळते. निर्मल वर्मा यांच्या ‘परिंदे’ या कथेत हिवाळ्याच्या सुट्टीसाठी मुली डोंगरावरील शाळेच्या वसतिगृहातून आपापल्या घरी निघाल्या आहेत, आणि लतिका मात्र तेथेच राहणार आहे. तिची सुट्टी म्हणजे रिकामे वसतिगृह. मृत प्रियकराची आठवण तिला तेथून हलू देत नाही, हे कथेचे वरचे कारण. पण आपण सगळे कशाची वाट पाहत आहोत आणि कोठे जाणार आहोत, हा प्रश्न लतिकेपुरता राहत नाही. ब्रह्मदेशातून आलेले डॉक्टर मुखर्जी हेही त्याच अवस्थेत आहेत. मान यांच्या कादंबरीत राहणे ही एक मोहिनी आहे. वर्मांच्या कथेत राहणे म्हणजे जाण्याला जागा नसणे. लतिका आणि नंदा कौल दोघीही स्त्रिया आहेत, हेही नोंदवावे लागेल. युरोपीय परंपरेत कास्टोर्प आणि ओटर्नश्लाग यांसारखे पुरुषही या स्थितीत दिसतात.

मराठीकडे वळताना जपून बोलले पाहिजे. महानुभाव पंथाने भिक्षूंसाठी नित्य अटनाचा आचार सांगितला, स्थळाचा लोभ हा बंध मानला. तेथे मुक्काम ही साधना आहे. आधुनिक मराठी कादंबरीत तात्पुरता निवास विपुल आहे, पण त्याचे नाते विश्रांतीशी नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘बिढार’ (१९७५) या कादंबरीचे शीर्षकच तात्पुरत्या वस्तीचे नाव आहे. तेथील खोल्या तरुणांच्या आहेत, अभावाच्या आहेत. कायमच्या पाहुण्याच्या सर्वांत जवळ जाते ती विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (१९३९). युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा काही दिवस एकत्र असतात. चक्रधरला मुंबई हे उतरण्याचे बंदर आहे. ज्यू निर्वासित हॅर्टाला असे बंदर नाही. एकाच बोटीवर, एकाच तिकिटाच्या मुदतीत, एकाचा प्रवास चालू असतो आणि दुसरीचा निवास. हा भेद बेडेकरांनी महायुद्धाच्या उंबरठ्यावर टिपला, आणि मराठी समीक्षेने त्याची चर्चा प्रामुख्याने प्रेमकथेच्या अंगाने केली, हे दुर्दैव म्हटले पाहिजे.

लेखकांच्या प्रत्यक्ष जीवनातही ही दोन रूपे दिसतात. व्लादिमिर नाबोकोव्ह १९६१ पासून १९७७ मध्ये मृत्यू येईपर्यंत स्वित्झर्लंडमधील माँत्रो पॅलेस हॉटेलात राहिले. अमेरिकेतील वास्तव्यातही त्यांनी स्वतःचे घर केले नाही. रजेवर गेलेल्या प्राध्यापकांच्या घरांत भाड्याने राहणे त्यांनी पत्करले. रशियातील घर गमावल्यानंतर दुसरे कोणतेही घर त्याची नक्कलच ठरले असते, असा अर्थ त्यातून काढता येतो. परंतु हा अर्थ परवडण्यासाठी ‘लोलिता’चे उत्पन्न हाती असावे लागते हेही विसरता कामा नये. योझेफ रोट यांच्यापाशी ते नव्हते. ‘होटेल सावॉय’ (१९२४) या त्यांच्या कादंबरीत सायबेरियातील युद्धकैदेतून परतणारा गाब्रिएल दान ज्या हॉटेलात उतरतो तेथे मजला जितका वरचा तितका राहणारा गरीब. पॅरिसमधील ज्या ‘होटेल फोयो’मध्ये रोट वर्षानुवर्षे उतरत होते ते १९३७ साली पाडण्यात आले. रस्त्यापलीकडच्या कॅफेत बसून ते पाडकाम पाहणाऱ्या माणसाविषयी त्यांनी १९३८ साली एक लहानसा लेख लिहिला. पाहुण्याला नोटीस मिळते, नुकसानभरपाई नाही.

या सर्व कृतींत एक वर्ग मात्र सतत कडेला उभा आहे. विश्रामस्थळी खरोखर बारमाही राहतो तो पाहुणा नसतो. तो असतो राखणदार, आचारी, द्वारपाल. बाउम यांची कादंबरी सुरू होते तीच हॉटेलच्या द्वारपालापासून. झेन्फची पत्नी प्रसूतिवेदनांत आहे आणि तो कामाची जागा सोडू शकत नाही. देसाईंच्या कादंबरीत रामलाल हा स्वयंपाकी आहे, वर्मांच्या कथेत करीमुद्दीन आहे. कसौलीच्या रानात वावरणाऱ्या राकाला तेथील गोष्टी सांगतो तो रामलालच, नंदा कौल नव्हे. आणि नंदा कौल जेव्हा त्या मुलीला गोष्टी सांगू लागते तेव्हा त्या बनावट ठरतात. ज्या जागेचा बारमाही इतिहास रामलालला ठाऊक आहे, त्या जागेवर त्याच्या नावाचा एकही आठवडा नाही.